अडतिसावी विहीर

ईश्वरप्पांचा प्रश्न साधा होता आणि पंढरी सरवदेनं त्याचं उत्तर चटकन दिलं. इतकं चटकन, की उत्तर देऊन झाल्यावरही आपण काही बोललो आहोत असं त्याला वाटलं नाही. नांदेडच्या मोंढ्यामागे, आरागिरणीला लागून असलेल्या त्या लांबट खोलीत सकाळचे अकरा वाजले होते. भिंतीपलीकडे करवतीचा आवाज वाढत जाई, लाकडाला लागला की बारीक होई, आणि पुन्हा वाढे. ईश्वरप्पांचे दोन ट्रक होते, चार उपसापंप होते आणि गिरणीतला भुस्सा तर हवा तेवढा होता. सांडलेलं तेल टिपायला भुस्सा लागतो म्हणून नव्या जिल्ह्याच्या तेलगळती निवारण कार्यक्रमाचं कंत्राट त्यांना मिळालं होतं. त्या कंत्राटावर त्यांची सही घ्यायची आणि उद्या मंगळवारी लातूरच्या कचेरीत साहेबांपुढे ठेवायची, एवढंच पंढरीचं आजचं काम. रविवार त्यानं बायकामुलांत काढला होता. सदरा इस्त्रीचा होता, डोकं शांत होतं. ईश्वरप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, यादीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “सरवदे साहेब, येक सांगा. तळघारणीची येकच हीर हाय तुमच्या यादीत, चावडीपाशची. पर आमचा मुकादम बघून आला, त्याला दोन दिसल्या. दोन्हीवर डिझेलचा तवंग. दुसरी कुणाची?”

“ती आमच्या वस्तीची.”

“म्हंजे सार्वजनिक न्हाई.”

“नाही,” पंढरी म्हणाला.

ईश्वरप्पांनी मुकादमाच्या चिठ्ठीवरची दुसरी विहीर खोडली, चष्मा खाली ओढला आणि शेवटच्या पानावर सावकाश, लिंगाला नमस्कार करावा तशा मनोभावे सही केली. मग चहा आला. दुष्काळाचं बोलणं झालं, गोदावरीचं पाणी कुठवर उतरलं ते झालं. पंढरीनं कागद दोरीनं बांधले, पिशवीत घातले आणि निरोप घेतला. बसस्थानकापर्यंत तो चालत गेला. लातूरची गाडी लागली होती, खिडकीही मिळाली. गाडी शहराबाहेर पडून लोह्याच्या रस्त्याला लागली, वारा तापू लागला, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, “कोन गाव?” पंढरी म्हणाला, “तळघारणी.” आणि तेव्हा, आपल्या गावाचं नाव घेता घेता, सकाळी आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

नाही म्हणालो मी. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी शब्द तोंडात कोंबला नाही. विचारलं, आणि मी नाही म्हणालो. त्याला आधी वाटलं की हे चुकून झालं, घाईत झालं. पण घाई कसली? बसायला खुर्ची होती, वर पंखा होता. मग त्याला वाटलं की पेन्सिलीची खूण ती काय, उद्या सांगून टाकू. पण पेन्सिलीची खूण हा प्रश्नच नव्हता. यादी ईश्वरप्पांनी केली नव्हती. ती यादी त्यानं स्वतः केली होती, स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं, सदतीस विहिरी, एकाखाली एक, कुठंही खाडाखोड नाही. साहेबांनी ती पाहून म्हटलं होतं, सरवदे, हे छापायची गरजच नाही. त्या कौतुकावर तो आठवडाभर खूश होता. त्या सदतिसांत त्याच्या आईच्या दारापुढची विहीर नव्हती आणि दोन महिन्यांत त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

दोन महिने म्हणजे किती तरी झाले. जिल्हा होऊन दुसरं वर्ष चाललेलं, कचेऱ्या मिळेल त्या जागेत बसवलेल्या. एक खातं सरकीच्या जुन्या गोदामात, एक वसतिगृहाच्या दोन खोल्यांत, एक चक्क लॉजच्या वरच्या मजल्यावर, तिथं जिन्यात गिऱ्हाइकांच्या चपला. पंढरी सायकलला फाइल बांधून ह्या सगळ्यांचे उंबरे झिजवी. पौषात तळघारणीच्या उतारावर डिझेलचा टँकर उलटला, रात्रभर ओढ्यात वाहत राहिला, आणि सरकारच्या ध्यानात आलं की असं काही झालं तर काय करायचं ह्याचे नियमच नाहीत. मग नियम करायचे ठरलं. आधी नियम, मग कंत्राट, मग विहिरी; सरकारी काम म्हणजे पायरी चुकून चालत नाही. नमुना मुंबईहून आला. तो समुद्रासाठी केलेला होता. त्यात मासेमारांना सूचना होत्या, बंदरांची नावं होती आणि भरतीच्या वेळी कोणी काय करायचं ह्याची दोन पानं होती. पंढरीनं विचारलं, साहेब, भरतीचं काय करू? चिटणीस गुरुपादप्पा हालकुडे उदगीरचे, पान खाऊन बोलणारे. ते म्हणाले, “आपल्याकडं येकच भरती, नोकरभरती. ती बी सध्या बंद हाय. काढून टाका.” पंढरीनं समुद्र काढला, ओढे-नाले घातले. मासेमार काढले, विहिरी घातल्या. पोलिसांचा अभिप्राय आणला, बांधकामवाल्यांचा आणला, आरोग्याचा आणला. बांधकामवाले म्हणाले रस्ता आमचा, रस्त्यालगतचा चर आमचा नाही. तो चर कुणाचा हे ठरायला अकरा दिवस लागले. सगळ्यांची समजूत घालत, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्याला जोडत त्यानं चोवीस नियम उभे केले. त्याला हे काम आवडलं होतं, खोटं कशाला बोला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवत नव्हता, स्वतः लिहीत होता.

फक्त यादी तेवढी उतरवली होती. जुन्या जिल्ह्याकडून दप्तरं गोण्यांत भरून आली होती. त्यातली सार्वजनिक विहिरींची नोंदवही निजामाच्या काळची, कधीतरी उर्दूतून मराठीत आणलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. रस्त्याकडेच्या गावांच्या विहिरी त्यानं तिच्यातून वेचल्या आणि तलाठ्यांना विचारलं, काही बदल? सगळ्या तलाठ्यांनी लिहिलं, बदल नाही. तळघारणीच्या तलाठ्यानंही लिहिलं, बदल नाही. आणि पंढरीनं त्यावर शिक्का मारला. आता गाडीच्या खिडकीतून कोरडी शेतं मागं जाताना पाहत तो स्वतःला एकेक गोष्ट विचारत राहिला. वस्तीची विहीर बहात्तर सालची, तेव्हा ती जुन्या वहीत नसणार, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तिच्यावर तवंग आहे हे माहीत नव्हतं का? माघात आईकडे गेलो तेव्हा तिनं घागर पुढे केली होती, हुंगून बघ म्हणाली होती, आणि डिझेलचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास नाकात घेऊनच मी लातूरला परतलो होतो. दुसऱ्या दिवशी यादीला बसलो होतो. मग? तलाठी विसरला, ठीक आहे. तो गावचा. मी कसा विसरलो?

आणि विसरलो हे तरी खरं का? सार्वजनिक विहीर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे एकच विहीर उभी राही. चावडीपाशची, घडीव दगडाची, चारी बाजूंना दोरांनी काचून खाचा पडलेली. तिच्यापासून दहा पावलांवर एक सपाट धोंडा होता. त्या धोंड्याशी आईबरोबर, तिच्या लुगड्याचा पदर धरून, त्यानं लहानपणी किती सकाळी काढल्या असतील! कुणी तरी येईल, कुणाला तरी दया येईल, आणि ती बाई पोहरा उंच धरून आपल्या घागरीत पाणी ओतील. कधी तांबडं फुटल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबावं लागे. ती सार्वजनिक विहीर. जिथं आपल्याला जाता येत नाही ती सार्वजनिक, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि म्हणूनच ते इतकं पक्कं बसलं होतं. पुढं छप्पन साल आलं, घरातले देव निघाले, त्याचं जुनं नाव तेवढं शाळेच्या दाखल्यात अडकून राहिलं. पुढं कायदा आला, नोकरी आली, अव्वल कारकून झाला. चोवीस नियम लिहिले. त्यात सार्वजनिक पाणवठा म्हणजे काय ह्याची व्याख्या त्यानंच लिहिली, सगळ्यांना खुला असलेला, असं लिहिलं, आणि लिहिताना त्याला तो धोंडा दिसला नाही. पण हातानं बरोबर त्या जुन्या हिशेबानंच यादी केली. डोकं पुढं गेलेलं, हात तिथंच धोंड्यापाशी राहिलेला. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज अशी की शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

अहमदपूर गेलं. गाडीत ऊन तिरपं शिरलं. त्याला आठवलं ते आणखी वाईट होतं. नियम नववा. मंजुरीची सही झाल्यावर यादीत कोणतीही भर घालायची असल्यास सर्व सात खात्यांचे अभिप्राय पुन्हा घ्यावेत. हा नियम मुंबईच्या नमुन्यात नव्हता. तो पंढरीनं घातला होता, कारण नाही तर जो तो पुढारी आपल्या मळ्यातली विहीर यादीत घुसवायला येईल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गुरुपादप्पांनी ह्या नियमावर पाठ थोपटली होती. म्हणजे उद्या दुपारी सही झाली की आईची विहीर सात कचेऱ्यांच्या पलीकडे गेली. चैत्र चालला आहे. पाऊस आला तर मृगात येणार, गेल्या वर्षी तोही आला नाही. सात खाती तोवर काय करतील ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? चाकूरच्या अलीकडे फाटा आला तेव्हा त्यानं कंडक्टरला हाक मारली. लातूरचं तिकीट होतं. कंडक्टर म्हणाला, “पैसे वापस मिळत न्हाईत बरं.” पंढरी उतरला.

फाट्यापासून गाव दोन मैल. जिथं टँकर उलटला होता त्या उतारावर माती अजून काळी होती. चावडीपाशी पाण्याच्या टँकरसाठी घागरींची रांग लागली होती आणि तिच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, वस्तीतल्या बाया होत्या. त्यांना आता कुणी धोंड्यापाशी थांबा म्हणत नव्हतं. त्या आपल्या आपण मागं उभ्या होत्या. आई त्यांच्यात नव्हती. ती घरापुढे निंबाखाली बसून, दोन्ही पाय पुढे पसरून, चिंचा फोडत होती. केवळाबाईला सत्तरी उलटून गेली होती, पण नजर शाबूत होती. लेकाला पाहून ती उठली नाही, दगड मात्र खाली ठेवला.

“सोमवारचा कसा रं आलास? नोकरी गेली का काय?”

“नाही माय. काम होतं.”

“सरकारला आमच्याकडं काय काम?” ती म्हणाली, आणि हसली.

पंढरी तिच्यापाशी जमिनीवर बसला. पँट मळेल म्हणून त्यानं रुमाल काढला होता, तो परत खिशात घातला. चुलतभाऊ बसवंत पलीकडच्या घरातून आला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला. पंढरीनं सगळं सांगितलं. कंत्राट सांगितलं, यादी सांगितली, आपण काय केलं ते सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज फाइल वाचून दाखवावी तसा झाला होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगणं त्याला जमलं नसतं. यादीत नाव घालायचं तर अजून उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, तो म्हणाला. पण एक आहे. नाव घालायचं म्हणजे विहीर सार्वजनिक म्हणून लिहावी लागेल. वस्तीचे अंगठे लागतील. आणि एकदा लिहिलं की ती सगळ्या गावाला खुली. कुणीही येऊन शेंदेल. कुणाला नाही म्हणता येणार नाही.

बसवंत म्हणाला, “दादा, तू शिकलेला, तुला आमी काय सांगावं? पर ही हीर खांदली तवा गावातलं कोन आलतं? दिसभर खडी फोडायची आन मावळतीला येऊन हितं टिकाव धरायचा. काळा दगड लागला तवा सुरुंगाला पैका न्हवता, घनानं फोडला. माझ्या बापाचं बोट गेलं त्यात. आन आता त्यास्नी खुली करायची? लई झालं.”

“पंप आपल्याला परवडणार नाही बसवंता. तळापासून उपसावं लागतं, भुस्सा टाकावा लागतो, चुन्यानं धुवावी लागते. दोन-तीन वेळा. नाही तर वास वर्षभर जात नाही.”

“मग ऱ्हाऊ दे वास. आमचा वास हाय.”

पंढरीला बसवंतचं पटत होतं, हीच पंचाईत होती. सबंध वाटेत त्याच्या मनात एवढंच होतं की आपली चूक दुरुस्त करायची, कागद बरोबर करायचा. पण कागद बरोबर झाला की ही माणसं काहीतरी गमावणार होती आणि ते गमावणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. ह्या विहिरीपाशी वस्तीतली लेकरं उघडी न्हाली होती, कुणाला न विचारता. बाया ओरडून भांडल्या होत्या. उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली तरी हिचं पाणी हटलं नव्हतं आणि ते सांगताना आईचा आवाज दरवेळी जरासा चढे. तो तिच्याकडे बघत होता. ती चिंचोके एका बाजूला सारत होती. बराच वेळ सारून झाल्यावर ती बोलू लागली आणि ती त्याच्याशी बोलते आहे की स्वतःशी, हे त्याला आधी कळलं नाही.

“गेल्या उन्हाळ्यात शरणम्मा आलती. वरच्या आळीची, दुकानवाल्यांची. गावची हीर आटलती तवा. भर दुपारी आली, कुनी बघू न्हाई म्हनून. तितं निंबाखाली हुबी ऱ्हायली, घागर घेऊन. हिरीपाशी आली न्हाई. म्या बघितलं. म्हनलं, काय वैनी? ती म्हनली, घागरभर मिळंल का? सुनेला दिस गेल्यात म्हनली. आता दोर हितं व्हता, पोहरा हितं व्हता. तिला म्हनता आलं असतं, घे शेंदून. मला म्हनता आलं असतं.” केवळाबाई थांबली. “म्या म्हनलं न्हाई. म्या शेंदलं आन तिच्या घागरीत वतलं. वरून. हात असा वर धरून, तिच्या घागरीला पोहरा लागू दिला न्हाई. तिला कळलं. तिनं वर बघितलं माझ्याकडं. चार दिस येत व्हती, चारी दिस म्या तसंच वतलं.”

“बरं केलंस काकू,” बसवंत म्हणाला.

“मला बी लई बरं वाटलं. जलमात येवढं बरं कंदी वाटलं न्हवतं. पाचव्या दिवशी ती आली न्हाई. मग मला बरं वाटंना. भाकर गोड लागंना. म्हनलं, आगं केवळे, तुला हेच यायचं व्हतं का? ह्याच्यासाटी का हीर खांदली?” तिनं पंढरीकडे पाहिलं. “तू लिही. सगळ्यांची म्हनून लिही. म्हंजे मला कुनाला वतावं लागायचं न्हाई.”

बसवंत उठून गेला. थोड्या वेळानं परत आला तेव्हा त्याच्याबरोबर वस्तीतली आठ-दहा माणसं होती. बोलणं बरंच झालं, दोघं-तिघं चिडले, एक म्हातारा रुसून बसला आणि त्याची समजूत काढायला केवळाबाईच गेली. उजेड असेतो अंगठे झाले. बसवंतनं अंगठा नाही, सही केली, सगळ्यांत शेवटी, आणि पेन परत देताना पंढरीकडे बघितलं नाही. पंढरी कागदाची घडी घालत होता, तेव्हा आईनं त्याचा हात धरला.

“पर कोनी खांदली ते बी लिही.”

“माय, नमुन्यात तसला रकाना नाही. गाव, ठिकाण, खोली, पाण्याची पातळी, एवढंच असतं.”

“मग आखून घे की. पट्टी न्हाई का सरकाराकडं?”

तो हसला, पण ती हसत नव्हती. तेव्हा त्यानं नवा कागद काढला, पाटावर ठेवला आणि म्हणाला, सांग. ती बोटं मोजत सांगू लागली. ग्यानोबा सरवदे, म्हणजे त्याचे वडील, आता नाहीत. बसवंतचा बाप. मलप्पा. मलप्पाची बायको. जे मेले त्यांची आधी, मग जे आहेत त्यांची. कोंडाबाई माती ओढायला होती, ती पोटुशी होती तेव्हा. तेही लिहू का? पंढरीनं विचारलं. आई म्हणाली, नको, नाव लिही. सतरा झाली, अठरा झाली. एकोणिसाव्याला ती म्हणाली, केवळाबाई ग्यानोबा. त्यानं आईचं नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून ठेवलं. तो वाट बघत होता आणि आपण कशाची वाट बघतो आहोत हे कळल्यावर त्याचे कान तापले.

“झालं,” ती म्हणाली. “टोपन लाव पेनाला.”

बहात्तर साली तो नांदेडला होता, नव्यानं नोकरीत. एका रविवारी आला होता. टेरिलीनची पँट होती, पहिल्या पगारातली. विहीर तेव्हा दोन पुरुष उंचीएवढी खोल गेली होती. तो वरून वाकून बघत होता आणि खाली वडिलांनी घाम पुसत मान वर केली, त्याला ओळखलं, आणि ओरडले, बाजूला सर, ढेकूळ पडतंय. तो बाजूला सरला होता. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेला होता. आईनं ते मनात ठेवून नाव गाळलं असं नव्हे. तिच्या मनात तसलं काही नसावं. त्यानं खोदली नव्हती, म्हणून तिनं सांगितलं नाही. तिची यादी बरोबर होती. त्याला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं, आणि तरी त्या वाईट वाटण्यात कुठंतरी जिवाला थंडावा होता. निदान एक यादी तरी आज खरी झाली होती.

मंगळवारी सकाळी पहिल्या गाडीनं तो लातूरला आला आणि थेट कचेरीत गेला. दहाच्या आत त्यानं नांदेडला फोन लावून घेतला. ईश्वरप्पा म्हणाले, “आवो, येक हीर वाढली तर मला काय, भुस्सा उतू चाललाय. पान बदलून ठेवा, गुरुवारी येऊन दस्तखत करतो.” मग पंढरीनं पट्टी घेतली, नवा रकाना आखला. वर लिहिलं, कोणी खोदली. खाली सदतीस वेळा लिहिलं, माहीत नाही. अडतिसाव्या ओळीत एकोणीस नावं मावेनात, म्हणून त्यानं कागदाला खाली कागद चिकटवला. सोबत टिपणी जोडली. सदर विहीर यादीतून वगळण्याची चूक माझी आहे, तलाठ्याची नाही. मी त्याच वस्तीत जन्मलो असून विहिरीची माहिती मला पहिल्यापासून होती. हे दुसरं वाक्य त्यानं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

गुरुपादप्पांनी टिपणी वाचली, पान गालात सरकवलं. खिडकीबाहेर शिपाई माठाला ओलं फडकं गुंडाळत होता. “सरवदे, ही चूक कुणाला दिसली नसती.”

“हो साहेब.”

“आन आता लोक म्हणतील, कारकुनानं आपल्या वस्तीची विहीर घुसवली. तुमचाच नववा नियम तुमच्याच तोंडावर मारतील.”

“म्हणतील. सही व्हायच्या आत आलोय, नियमात बसतं.”

“नियमात बसतं ते खरं.” त्यांनी यादी पुढे ओढली. “हा रकाना काय?”

“तो असू द्या साहेब.”

“मुंबईच्या नमुन्यात नाही.”

“नाही.”

“सदतीस ठिकाणी माहीत नाही लिहिलंय. वर कुणी विचारलं तर?”

“तर त्यांनी विचारून घ्यावं, साहेब. आम्हाला एकीचं माहीत आहे.”

पंढरी त्यांच्या हाताकडे बघत होता. आता त्यांनी लाल पेन्सिल उचलली तर तो रकाना जाईल, विहीर राहील. विहीर राहिली तर पुरे, असं तो स्वतःला बजावत होता आणि त्याला ते पुरत नव्हतं. साहेब मात्र वाचत होते. खाली चिकटवलेला कागद त्यांनी सरळ केला आणि नावांवरून बोट फिरवत, ओठ हलवत, एकेक नाव वाचत खाली आले. फाइलवर असं कुणी नावं वाचताना पंढरीनं कधी पाहिलं नव्हतं. एकोणिसाव्या नावाशी बोट थांबलं. त्यांनी दौतीत टाक बुडवला, सही केली, तारीख घातली. मग मान वर केली.

“सगळ्या वस्तीतले लोक आहेत ह्यात. वडील आहेत, आई आहे. तुमचं नाव नाही?”

“नाही साहेब,” पंढरी म्हणाला. “मी तेव्हा वर उभा होतो.”